वॉटसन हॉटेलचं काय झालं

जहांगीर आर्ट गॅलरीतून बाहेर पडून काळा घोडा चौकात उभं राहिलं की रस्त्यापलीकडे एक पाच मजली इमारत दिसते. एकेकाळी हे मुंबईतलं सर्वांत नावाजलेलं हॉटेल होतं, असं शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्याला सांगितलं तर तो बहुधा हसेल. काळवंडलेल्या गॅलऱ्या, वाकलेले कठडे, जागोजागी लावलेले टेकू. कागदोपत्री नाव एस्प्लनेड मॅन्शन. जुन्या लोकांच्या तोंडी मात्र अजून वॉटसनच.

या इमारतीबद्दल लिहिणारे बहुतेक जण दोन गोष्टींवर थांबतात. एक, इथे भारतात पहिल्यांदा सिनेमा दाखवला गेला. दोन, जमशेटजी टाटांना इथे दारातून परत पाठवलं गेलं आणि म्हणून त्यांनी ताज बांधलं. दोन्हींकडे येतोच, पण मला तिसराच प्रश्न छळतो. ताज आणि वॉटसन यांच्यात पायी पंधरा मिनिटांचंही अंतर नाही. तीच खारी हवा, तोच पाऊस. वयात फरक तीस-पस्तीस वर्षांचा. एक इमारत आजही राष्ट्राध्यक्षांना उतरवून घेते आणि दुसरी पाडावी की ठेवावी यावर न्यायालयात वाद होतो. हे वयामुळे झालं नाही, आणि लोखंडामुळेही नाही, असं माझं मत आहे. ते कशामुळे झालं, ते सांगण्यासाठी हे प्रकरण पहिल्यापासून उलगडावं लागेल.

तट पडले, जागा निघाली

१८६० च्या दशकापर्यंत मुंबईचा फोर्ट खराच किल्ला होता. सर बार्टल फ्रिअर १८६२ साली गव्हर्नर झाले आणि त्यांच्या काळात तट पाडण्याचं काम झालं. तटापलीकडचं मोकळं मैदान म्हणजे एस्प्लनेड. तोफांना मारा करायला जागा हवी म्हणून ते मोकळं ठेवलेलं होतं. तट गेल्यावर मैदानाच्या कडेचे भूखंड लिलावात निघाले. वेळही अशी होती की अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इथल्या कापसाला भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, बँका बुडाल्या, शेअरवाल्यांनी हात टेकले. लिलावात घेतलेल्या जागा मात्र तिथेच होत्या.

त्यातली एक जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्याची. मूळ गाव उत्तर इंग्लंडातल्या कंबर्लंड भागातलं, धंदा मुंबईतल्या गोऱ्या साहेबांना कापडचोपड विकण्याचा. त्याच्या डोक्यात आधी दुकान आणि कचेरी होती. हॉटेलची कल्पना मागाहून आली.

इमारत १८६० ते १८६३ दरम्यान बांधली असं बऱ्याच लेखांत छापून येतं. ते जुळत नाही. तेव्हा तट पाडायचं कामच नीट मार्गी लागलेलं नव्हतं, मग भूखंड कुठून आला? बांधकाम १८६७ नंतरचं, आणि १८७१ साली हॉटेल चालू झालं, हे धरून चालणं योग्य.

बिडाचं घर, बोटीतून आलेलं

आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. हा माणूस वास्तुविशारद नव्हता, स्थापत्य अभियंता होता. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या कामावर तो होता. पुढे सेंट पँक्रस स्थानकाच्या प्रचंड छतावर त्याने काम केलं, आणि लंडनचा अल्बर्ट ब्रिज त्याचाच. म्हणजे लोखंडाचे तुकडे कारखान्यात ओतायचे, क्रमांक घालायचे, जागेवर नेऊन जोडायचे, ही विद्या त्याला पाठ होती. वॉटसनसाठी त्याने तेच केलं. डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग ओतले गेले आणि बोटीने मुंबईला आले. फरशा स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कारखान्यातल्या. जोत्याचा लाल दगडसुद्धा वॉटसनच्या मुलखातला, पेनरिथचा. सह्याद्रीच्या पायथ्याशी बसलेल्या शहरात दगड इंग्लंडहून आणायचा, याला हौसच म्हणायची.

ही इमारत कशी उभी आहे, हे समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. त्या काळच्या मुंबईतल्या बहुतेक इमारतींत भार भिंती पेलत. इथे भिंती नुसत्या भरावाच्या. भार पेलतो तो लोखंडी सांगाडा, खांब आणि तुळयांची चौकट. आज प्रत्येक बिल्डर आरसीसीत जे करतो ते इथे दीडशे वर्षांपूर्वी लोखंडात केलं होतं. म्हणूनच त्या वेळच्या लोकांना हे बांधकाम पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखं वाटलं. हल्ली उत्साहाच्या भरात जगातली अशी पहिली इमारत म्हणून हिचा उल्लेख होतो. तो खरा नाही. इंग्लंडमध्ये शीअरनेसच्या गोदीतलं बोटींचं चार मजली लोखंडी कोठार १८६० सालचं आहे आणि ते अजून उभं आहे. पण भारतातली सर्वांत जुनी बिडाच्या सांगाड्याची इमारत हीच. शिवाय कोठारासाठी नव्हे, माणसांना राहण्यासाठी असा बहुमजली सांगाडा त्या काळात क्वचितच कुणी उभारला होता.

बिडाचा स्वभाव पोलादापेक्षा वेगळा. दाब सोसायला पक्कं, ताण सोसायला कच्चं. पोलाद वाकतं, कुरकुरतं, सूचना देतं. बीड तसं करत नाही, एके दिवशी तडकतं. त्यामुळे बिडाच्या इमारतीत दोन पथ्यं पाळावीच लागतात. पाणी आत मुरू द्यायचं नाही, आणि ठरलेल्यापेक्षा जास्त वजन चढवायचं नाही. रंग खरवडून पुन्हा देणं, सांधे तपासणं, पन्हळी मोकळ्या ठेवणं, हे दर पावसाळ्याआधीचं काम. यात अवघड काही नाही. कुणीतरी करायला मात्र हवं.

हॉटेल असतानाचे दिवस

सुमारे १३० खोल्या. दर मजल्यावर लांबच लांब गॅलरी, मधोमध चौक, त्यावर काचेचं छप्पर. खाली भोजनगृह आणि दालनं. मुंबईत उतरणारा साहेब पी अँड ओच्या बोटीतून थेट इथे यायचा. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरला होता. खिडकीत येऊन बसणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांवर त्याने जे लिहिलं ते वाचून मुंबईकराला हसू फुटतं, कारण कावळे अजून तसेच आहेत. त्याच मुक्कामातला एक प्रसंग मात्र हसवत नाही. खोलीत काहीतरी नीट लावण्यावरून एका गोऱ्याने एतद्देशीय नोकराच्या थोबाडीत मारली आणि नोकराने ती निमूट खाल्ली, हे ट्वेनने नोंदवून ठेवलं आहे. ते पाहून त्याला स्वतःचं बालपण आणि तिकडची गुलामगिरी आठवली. वॉटसनच्या वैभवाच्या गोष्टी सांगताना हे पान सहसा गाळलं जातं.

त्याच वर्षीची ७ जुलै. ल्युमिएर बंधूंचा माणूस मारियस सेस्टिए ऑस्ट्रेलियाला निघाला होता, वाटेत मुंबईत थांबला. पॅरिसमधला पहिला जाहीर खेळ २८ डिसेंबर १८९५ चा. म्हणजे जेमतेम सहा महिन्यांत ते यंत्र वॉटसनमध्ये येऊन पोहोचलं. तिकीट एक रुपया. सहा छोट्या चित्रफिती: स्थानकात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून सुटणारे कामगार, समुद्रस्नान वगैरे. त्यांतच एक भिंत पाडण्याचीही होती.

आठवड्याभरात, १४ जुलैपासून, खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये गेले आणि सर्वसामान्य मुंबईकराने सिनेमा पाहिला तो खरा तिथे. पडदा पाळणाऱ्या बायकांसाठी वेगळी व्यवस्था झाली, आणि काही दिवसांनी चार आण्यांचं तिकीटही निघालं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांचा फोटोग्राफीचा धंदा होता. या खेळांनी ते इतके भारावले की त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचं स्वागतही त्यांनी टिपलं. सावेदादांनी पहिला खेळ वॉटसनमध्येच पाहिला असं सर्रास लिहिलं जातं. एकीकडे वॉटसनमध्ये फक्त गोऱ्यांना प्रवेश होता असं म्हणायचं आणि दुसरीकडे सावेदादांना तिथे बसवायचं, हे दोन्ही एकाच लेखात वाचलं की मला गंमत वाटते. नॉव्हेल्टीत पाहिला असेल, तरी त्यांचं मोठेपण तसूभर कमी होत नाही.

टाटांच्या गोष्टीचंही तसंच. वर्णभेद होता, यात शंका नाही. पण एका अपमानाच्या तिरमिरीत माणूस समुद्रात भराव घालून एवढं हॉटेल उभारत नाही. जमशेटजींना मुंबई जगाच्या बरोबरीला आणायची होती. प्लेगने शहराची अब्रू गेली होती, बाहेरच्या माणसाने उतरावं असं ठिकाण नव्हतं, आणि त्यांच्या बाकीच्या स्वप्नांशी, म्हणजे पोलाद, वीज आणि विज्ञानसंस्थेशी, हे हॉटेल सुसंगत होतं. दंतकथा गोड आहे म्हणून टिकली. हिशेबाच्या बाजूने पाहिलं तर १६ डिसेंबर १९०३ ला ताज उघडलं, विजेच्या दिव्यांसह, समुद्राकडे तोंड करून, सगळ्यांसाठी. वॉटसनचं पोट ज्या गिऱ्हाइकावर भरत होतं ते तिकडे गेलं. पुढची काही दशकं वॉटसनसाठी उताराचीच होती. १९६० च्या दशकापर्यंत तिथलं हॉटेल पूर्ण संपलेलं होतं.

हॉटेल गेलं, खोल्या राहिल्या

इथून खरं प्रकरण सुरू होतं.

हॉटेल म्हणजे काय? रोज सकाळी प्रत्येक खोलीत कुणीतरी जातं. नळ गळतोय का, भिंतीला ओल आली आहे का, दार लागतंय का, हे पाहतं. कारण संध्याकाळी त्या खोलीचे पैसे घ्यायचे असतात. दुरुस्ती हा तिथे धंद्याचा रोजचा खर्च असतो. मालक उदार असो वा कंजूष, गळकं छप्पर ठेवून त्याला चालत नाही.

ते हॉटेल बंद पडलं आणि खोल्या, दालनं, गॅलऱ्या, चौक, सगळं तुकड्या-तुकड्यांनी भाड्याने गेलं. जवळच १८७८ चं उच्च न्यायालय, पलीकडे जुन्या सचिवालयात शहर दिवाणी आणि सत्र न्यायालय. साहजिकच वकिलांची चेंबर आली. काही कुटुंबं राहायला आली. खाली दुकानं. लाकडी फळ्यांची विभागणी झाली, पोटमाळे चढले, मधला चौक खोल्यांनी भरून गेला. ज्या काचेच्या छपराखाली साहेब-मडमा नाचल्या असतील तिथे कपाटं आणि फायली आल्या. कायद्याच्या पुस्तकांनी भरलेलं लोखंडी कपाट किती जड असतं, ते हलवून पाहिलेल्यालाच माहीत. ऑर्डिशच्या हिशेबात ती कपाटं नव्हती.

दोन्ही पथ्यं एकदम मोडली. पाणी मुरू लागलं आणि वजन वाढत गेलं.

मग दुरुस्ती का झाली नाही? इथे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याकडे यावं लागतं. योगायोग पाहा, त्या कायद्याच्या पूर्ण नावातच 'हॉटेल आणि लॉजिंग हाऊस' हे शब्द होते. कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेलं भाडं 'प्रमाणभूत' ठरवलं. त्या दिवशी जागा भाड्याने नसेल तर त्याआधीचं शेवटचं किंवा त्यानंतरचं पहिलं. ते तिथेच गोठलं. युद्धानंतर आणि फाळणीनंतर शहरात माणसं लोटत होती, घरमालक वाटेल ते भाडं मागत होते, तेव्हा हा कायदा गरजेचा होता. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने भाडं असं गोठवून ठेवणं मनमानी असल्याचं सांगितलं. त्यानंतर राज्याचा नवा, १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली.

४ टक्के ऐकायला बरे वाटतात. समजा, १९६२ साली एक खोली ५० रुपयांनी दिली. हे उदाहरण माझं आहे, तिथल्या एखाद्या खोलीचा आकडा नव्हे. २००० पर्यंत ५० च. पुढची वीस वर्षं दरवर्षी ४ टक्के वाढवलं तरी २०२० मध्ये होतात साधारण ११० रुपये. फोर्टात, काळा घोड्यावर. एवढ्यात त्या भागात दोन माणसांचा नाश्ताही होत नाही.

म्हणून मालक वाईट आणि भाडेकरू लबाड, असा सोपा निकाल लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. मालकाने स्वतःच्या खिशातून बिडाचे सांधे का दुरुस्त करावेत? येणाऱ्या भाड्यात एका गॅलरीचा रंगही निघत नाही. आणि भाडेकरूने तरी का करावेत? इमारत त्याची नाही. मुंबईची रीत अशी की जुन्या जागेत शिरताना पागडी, म्हणजे भाड्याखेरीज एकरकमी पैसे, मोजावी लागे. कायद्याने ती बंद होती, व्यवहारात सगळीकडे चालत होती, १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली. पागडी भरलेला माणूस स्वतःला निम्मा मालक समजतो, आणि त्याचं चूकही नाही. बाजारभावाच्या जवळपास रक्कम देऊन तो शिरलेला असतो. त्याच्या ताब्यात खोली असते, पण जिने, छप्पर आणि खांब कुणाच्याच ताब्यात नसतात.

सरकारनेही हे ओळखलं होतं. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, पुढे ते म्हाडात गेलं. जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्यातून मंडळाने दुरुस्ती करायची. पण मंडळ दर चौरस मीटरमागे ठरावीक मर्यादेपर्यंतच खर्च करतं, त्यावरचा भाडेकरूंनी घालायचा. शिवाय मंडळाला माहीत असलेली दुरुस्ती म्हणजे लाकडाच्या जागी लोखंडी आय-सेक्शन, विटेच्या जागी आरसीसी. चाळींना ते चालतं. एकोणिसाव्या शतकातल्या बिडाच्या सांगाड्याला नाही. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. त्यात ही इमारत दुसऱ्या श्रेणीच्या 'अ' गटात आली. म्हणजे पाडता येत नाही, हवं तसं बदलता येत नाही, आणि ज्या जास्तीच्या चटई क्षेत्रावर, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीवर, इतर उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास चालतो तो मार्गही अडतो. बिल्डर फिरकत नाही. प्रत्येक नियम आपापल्या जागी योग्य होता. एकत्र आल्यावर त्यांनी इमारतीचे हातपाय बांधून टाकले.

पडझड

२००५ च्या जूनमध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत हिचं नाव घातलं. त्यामागे इटालियन वास्तुविशारद रेन्झो पियानोचा आग्रह होता. काही दिवसांतच, पावसाळ्यात, पश्चिमेच्या बाजूच्या गॅलरीचा भाग कोसळला. एक जण गेला, काही जखमी झाले. वर्तमानपत्रांत चार दिवस गाजलं. टेकू लागले.

२०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. ३० जूनला घोषणा झाली आणि याच परिसरात पेढे वाटले गेले. त्याच पावसाळ्यात वॉटसनच्या गॅलरीचा आणखी एक भाग खाली आला. यादीत नाव जायचं आणि पाठोपाठ गॅलरी पडायची, असं दुसऱ्यांदा झालं.

२०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचं सांगितलं आणि पाडण्याकडे कल दाखवला. संवर्धन क्षेत्रातल्या लोकांनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की, सांगाडा अजून उभा आहे. वर चढवलेलं वजन उतरवा, कुजलेलं काढा, तडकलेले भाग बदला. मुळात ती सुट्या भागांची इमारत आहे, भाग बदलता यावेत अशीच तिची रचना. मला हा मुद्दा वजनदार वाटतो. आयआयटीच्या मताला मी कमी लेखत नाही. फुटपाथवरून माणसं चालतात आणि बीड सूचना न देता तडकतं, ही काळजी खरी आहे. पण 'आज धोकादायक' आणि 'दुरुस्त होऊच शकत नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारली की पाडायचा निर्णय फार सोपा होतो.

आणि या सगळ्या वादात ताजची तुलना कुणी करत नाही. ताजलाही खारी हवा खाते. २००८ च्या हल्ल्यात ते जळलं, घुमटाखालचे मजले भाजून निघाले. २०१० च्या १५ ऑगस्टला ते पूर्ण पुन्हा उघडलं. कारण ते एक हॉटेल होतं, एका कंपनीचं, आणि खोल्यांचं आजचं भाडं आजच्या दराने येत होतं. जळालेला जिना कुणाच्या हिश्शाचा, हा प्रश्नच तिथे उभा राहिला नाही.

वॉटसनमध्ये तो प्रश्न इमारत रिकामी केल्यावरही संपत नाही. जागा धोकादायक म्हणून खाली करून घेतली, तरी भाडेकरूचा हक्क आपोआप जात नाही. दुरुस्ती झाली तर परत येण्याचा, पुनर्बांधणी झाली तर तेवढ्याच जागेचा दावा शिल्लक राहतो. म्हणजे उद्या सांगाडा वाचवून वरची कपाटं, पोटमाळे, चौकातल्या खोल्या काढायच्या म्हटलं, तर चौकात ज्यांच्या खोल्या होत्या त्यांना कुठे बसवायचं, हे आधी ठरवावं लागेल. आणि त्यांतले बरेच जण वकील आहेत.